तिऱ्हाईत भिंगाची सोयरीक

नागपुराहून वर्ध्यास जाणाऱ्या सडकेवर, सेलू तालुक्यात, केळझर नावाचे जे गाव लागते ते विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी सिद्धिविनायकाचे स्थान म्हणून भाविकांस ठाऊक आहे, आणि पांडव वेषांतर करून ज्या एकचक्रनगरीत राहिले व जेथे भीमसेनाने बकासुराचा निकाल लावला ती नगरी हीच, या परंपरागत समजुतीमुळे कथाप्रिय लोकांसही ते ठाऊक आहे. अशा गावाचा संबंध छायाचित्रणाच्या भिंगांशी कोणी जोडू लागला तर ऐकणाऱ्यास नवल वाटेल. परंतु रुंद कोनाचे भिंग, ज्याला आमच्याकडचे स्टुडिओवाले नुसते ‘वाइड’ म्हणतात, ते मूळचेच बकासुराच्या जातीचे असते. समोर असेल नसेल ते सारे त्याला एका घासात हवे. आणि गाडाभर अन्न त्या राक्षसाच्या दारी पोहोचविणाऱ्या एकचक्रेच्या गरीब गृहस्थांची जी ओढाताण झाली, तशीच हे भिंग परक्या कॅमेऱ्याच्या उंबरठ्यावर नेऊन बसविणाऱ्यांची गेली सत्तर-पाऊणशे वर्षे होत आली आहे.

घरच्याच प्रसंगापासून आरंभ करतो. १९८३ साली माघातील चतुर्थीस आमचे सारे कुटुंब केळझरला दर्शनास गेले. माझ्या गळ्यात झेनिट होता. सोव्हिएत संघाशी रुपयांत चालणाऱ्या व्यापाराच्या कृपेने जी वजनदार यंत्रे त्या काळी मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली होती त्यांपैकी ते एक, आणि त्यावर त्याचे जन्माचे ५८ मिलिमीटरांचे हेलिऑस भिंग. दर्शन झाल्यावर वडील मंडळींनी आज्ञा केली की देवासमोर सर्वांचा एकत्र फोटो झालाच पाहिजे. आता हिशेब असा, की ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते, म्हणून तीन मीटर रुंदीची माणसांची ओळ ५८ च्या भिंगाने सामावून घ्यावयाची तर छायाचित्रकाराने जवळजवळ पाच मीटर मागे सरले पाहिजे. मला तर दोन पावलांतच भिंत लागली. “अजून मांगं सरका ना!” असे आमचे आतेभाऊ ओरडत होते, आणि माझी पाठ दगडाला टेकलेली होती. त्या फोटोत एका टोकाची आत्या निम्मीच आली, आणि दुसऱ्या टोकाचे काका मुळीच आले नाहीत. काकांनी ते पुढे पुष्कळ वर्षे लक्षात ठेवले.

यावर उपाय एकच: रुंद भिंग. परंतु ते मूळ कारखान्याचे मिळावयाचे नाही, मिळाले तर परवडावयाचे नाही. तेव्हा तिऱ्हाईताचे घ्यावयाचे. कॅमेरा एका घराण्याचा, भिंग भलत्याच घराण्याचे, आणि दोघांच्या मध्ये पितळेचे अथवा अॅल्युमिनियमचे एक कडे, ज्यास माउंट म्हणतात. या कड्याचा इतिहास संस्थानांच्या इतिहासाहून कमी गुंतागुंतीचा नाही. त्यातही तह आहेत, सनदा आहेत, जप्त झालेली वतने आहेत, आणि परवान्यावाचून हद्दीत शिरलेल्यांना हुसकून लावण्याचे प्रसंग आहेत.

ज्या काळी छायाचित्रण हिंदुस्थानात आले त्या काळी हा तंटा अस्तित्वातच नव्हता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी मंडळी या नव्या विद्येत शिरली, तेव्हा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, आणि भिंग म्हणजे त्या पेटीच्या तोंडावरील एका चौकोनी फळीत बसविलेली पितळी नळी. नवे भिंग आणले की सुताराकडून नवी फळी कापून घ्यावयाची आणि तिला योग्य मापाचे भोक पाडावयाचे. भिंग कोणत्या देशाचे, कोणत्या कारखान्याचे, याची विचारपूस ना पेटी करी ना सुतार. पेटीचा भाता मागेपुढे होत असल्यामुळे भिंग आणि काच यांतील अंतरही हवे तसे राखता येई. बर्लिनच्या गोएर्त्झ कंपनीने १९०० साली काढलेले हायपरगॉन नावाचे भिंग, जे सुमारे १३५ अंशांचा टापू एका दृष्टिक्षेपात घेई, ते याच व्यवस्थेत निर्धास्तपणे नांदले. त्याच्या कडांना उजेड फार कमी पोहोचे आणि मध्यभागी फार, म्हणून त्याच्यासमोर चांदणीच्या आकाराचे एक पाते बसविलेले असे, आणि रबरी फुग्याने हवा फुंकून ते गरगर फिरवीत, जेणेकरून मधला उजेड आडवला जाऊन कडांशी त्याचा मेळ बसावा. फोटो काढताना छायाचित्रकाराने एका हाताने फुगा दाबीत उभे राहावे, हे दृश्य आज थोडे विनोदी वाटते. पण भिंग पेटीला बसेल की नाही ही चिंता त्याला नव्हती, एवढे खरे.

चिंता सुरू झाली ती कॅमेरा लहान झाल्यावर. १९२५ मध्ये जर्मनीतील लाइका बाजारात आला आणि १९३० च्या सुमारास त्याचे भिंग काढघाल करण्याजोगे झाले. ३९ मिलिमीटर व्यासाचे, आटे असलेले ते कडे. आणि त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर, हे पहिल्यांदा एका कायद्याप्रमाणे ठरविले गेले. भाता गेला, सुतार गेला, आणि त्यांच्या जागी एक आकडा आला. भिंगाची मागील बैठक आणि फिल्म यांच्यामधले हे अंतर प्रत्येक घराण्याने आपापले ठरविले, आणि पुढील सर्व भांडणांचे मूळ याच आकड्यात आहे.

लहान कॅमेऱ्याच्या या नव्या जगात भिंग न बदलता येणे म्हणजे काय, याचे उदाहरण आमच्या वर्धा जिल्ह्यातच आहे. गांधीजी १९३६ मध्ये शेगावी, म्हणजे पुढे ज्यास सेवाग्राम म्हणू लागले तेथे, राहावयास आले. त्यांचे नातू लागणारे कनू गांधी यांना घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली. गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरावयाचा नाही, फोटोसाठी आपणास बसावयास किंवा उभे राहावयास सांगावयाचे नाही, आणि आश्रमाने या कामासाठी पैसा द्यावयाचा नाही. या तिन्ही अटी पाळून कनूंनी दहाएक वर्षे जे काम केले ते आज राष्ट्राच्या दस्तऐवजांत मोडते. परंतु रोलायफ्लेक्सचे ७५ मिलिमीटरांचे भिंग यंत्रास कायमचे जखडलेले असते, आणि त्याच्या चौकोनी चित्रात जेमतेम ४१ अंश मावतात. बापूकुटीच्या बसक्या, मंद उजेडाच्या खोलीत ज्याने पाऊल टाकले आहे त्याला या अडचणीची कल्पना येईल: मागे सरावे तर भिंत, आणि भिंतीमागे सरावे तर देखावाच नाही. त्या कंपनीने रुंद भिंगाचा रोलायफ्लेक्स काढला तो १९६१ मध्ये. कनूंची छायाचित्रे पाहताना मला नेहमी वाटते की त्यांतील पुष्कळशी जवळीक, माणसांच्या खांद्याआडून पाहिल्यासारखी ती दृष्टी, या अपुऱ्या कोनाचीच देणगी आहे. पण हा माझा तर्क झाला.

तिऱ्हाईत भिंगाची पत जगात पहिल्याने वाढली ती मात्र युद्धामुळे. १९५० साली ‘लाइफ’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जुन मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने निप्पॉन कोगाकूच्या निक्कोर भिंगाने त्यांचा फोटो काढला, आणि त्याचा तीक्ष्णपणा पाहून डंकन थेट कारखान्यात गेले. थोड्याच दिवसांत कोरियाचे युद्ध पेटले. डंकन आपल्या लाइकावर ही जपानी भिंगे चढवून आघाडीवर गेले, आणि तेथून आलेली छायाचित्रे पाहून अमेरिकेतील संपादकांची समजूत पालटली. त्या वर्षीच्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या भिंगांची दखल घेतली. पुढे जे निप्पॉन कोगाकू स्वतःच निकॉन म्हणून सिंहासनावर बसले ते आरंभी दुसऱ्याच्या दारातील तिऱ्हाईत होते, या गोष्टीची त्यांच्या आजच्या अभिमान्यांस आठवण करून दिली म्हणजे ते थोडे गप्प होतात.

याच सुमारास लहान कॅमेऱ्याच्या पोटातला आरसा रूढ होऊ लागला. भिंगातून येणारे दृश्य आरशावरून वर फेकून डोळ्यास दाखवावयाचे, आणि कळ दाबताच आरसा उचलून तेच दृश्य फिल्मवर पडू द्यावयाचे, ही योजना दिसावयास सोपी; पण तिने रुंद भिंगाचे घरच मोडले. कारण उघड आहे. २८ मिलिमीटर नाभीय अंतराचे साधे भिंग फिल्मपासून सुमारे २८ मिलिमीटरांवर असावयास हवे, आणि आरशाला वरखाली होण्यास चाळीसच्या वर मिलिमीटर जागा पाहिजे. भिंग जेथे असावयास हवे तेथे आरसा नांदतो आहे. निकॉनने आपल्या पहिल्या एफ कॅमेऱ्यासाठी २१ मिलिमीटरांचे जे भिंग काढले ते चढविण्यापूर्वी आरसा वर बांधून ठेवावा लागे, आणि मग दृश्य पाहण्यासाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर निराळा दर्शक बसवावा लागे. म्हणजे ज्या आरशासाठी हा कॅमेरा घ्यावयाचा त्यालाच रजा द्यावयाची.

यातून वाट त्याआधीच काढली होती ती फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी. दुर्बीण उलटी धरून पाहिले की सारे लहान आणि लांब दिसते, हा लहानपणीचा अनुभव प्रत्येकास असतो. आंजेन्यूंनी १९५० मध्ये नेमके तेच केले. पुढे एक किरण फाकविणारे भिंग, मागे किरण गोळा करणारा समूह, आणि त्यामुळे नाभीय अंतर ३५ मिलिमीटर असूनही काचांचा शेवट फिल्मपासून पुरेसा दूर. ‘रेट्रोफोकस’ हे त्यांनी दिलेले व्यापारी नाव पुढे त्या सर्व जातीचेच नाव झाले. पाठोपाठ येनाच्या झाइस कारखान्याने फ्लेक्टोगॉन काढले, रशियनांनी ३७ मिलिमीटरांचे मिर-१ काढले, ज्याच्या कड्यावर ब्रुसेल्सच्या १९५८ च्या प्रदर्शनात मिळालेल्या पारितोषिकाचा उल्लेख कोरलेला असे, आणि ही भिंगे ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांच्या कड्यावर बसू लागली. ते कडे ड्रेस्डेनचे. १९४९ पासून ते प्राक्टिकांत आले, १९५७ पासून पेंटॅक्समध्ये, आणि पुढे झेनिटात. कोणाची मालकी न उरलेली ही जणू गावची गायरान जमीन. ज्याला हवे त्याने आपली गुरे आणावीत.

आता आमची कहाणी तेथे येऊन मिळते. केळझरच्या त्या फोटोनंतर दोन महिन्यांनी मी नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानातून ३५ मिलिमीटरांचे एक जुने जपानी भिंग विकत घेतले. दुकानदाराने त्याची पाठ वळवून दाखविली आणि म्हणाला, “बेचाळीसचीच आहे ना भाऊ, बसते बरोब्बर.” व्यास मी मोजला, खरोखरच ४२. घरी आणून झेनिटाच्या तोंडाला लावले. एक वेढा ते मऊपणे फिरले, दुसऱ्या वेढ्याला जड झाले, आणि तिसरा वेढा देण्यासाठी मी मनगट आवळले तेव्हा धातूने धातूला खाल्ल्याचा जो बारीक करकर आवाज झाला तो अजून कानात आहे. सुदैवाने मी थांबलो. भिंग मागे फिरवून काढले तो कॅमेऱ्याच्या आट्यांवरून चमकदार किसाचे दोन केस खाली पडले.

याचे कारण समजावयास मला मुंबईची वारी करावी लागली. तैसेई कोगाकू या जपानी कंपनीने, जिने १९७० मध्ये टॅमरॉन हे नाव धारण केले, १९५७ मध्ये एक चतुर बेत केला होता. भिंगाला कोणत्याच घराण्याचे कडे द्यावयाचे नाही. त्याला आपले स्वतःचे एक तटस्थ कडे द्यावयाचे, आणि प्रत्येक कॅमेऱ्यासाठी निरनिराळी जोडकडी तयार ठेवावयाची. या कड्याला टी माउंट म्हणतात. काही वर्षांनी त्याचा व्यास वाढवून ४२ मिलिमीटर केला, परंतु आट्यांमधले अंतर मात्र ०.७५ मिलिमीटर ठेवले. ड्रेस्डेनच्या कड्याचा व्यास ४२ च, पण त्याच्या आट्यांमधले अंतर पुरे १ मिलिमीटर. डोळ्यास दोन्ही सारखीच दिसतात. एक वेढा दोन्ही एकमेकांत फिरतात, आणि मग एकमेकांचे दात मोडतात. त्याहूनही मोठा भेद अंतराचा: टी भिंगाची बैठक फिल्मपासून ५५ मिलिमीटरांवर हवी आणि झेनिटाची ४५.४६ वर. म्हणजे ते भिंग मी बळेच पुरते बसविले असते तरी ते साडेनऊ मिलिमीटरांनी फिल्मच्या अधिक जवळ गेले असते आणि त्यातून जगातली कोणतीही वस्तू स्पष्ट उमटली नसती. फोर्टातील बोरा बाजारात, जेथे छायाचित्रणाच्या वस्तूंची दुकाने ओळीने आहेत, एका वृद्ध गृहस्थाने खण उघडून एक काळे कडे काढले आणि माझ्या हातावर ठेवले. जाडी साडेनऊ मिलिमीटरांच्या किंचित वर. तेवढ्याच जाडीचा माझा अपराध होता. त्या भिंगात उजेड आत घेणारे छिद्र आपोआप बारीक होण्याची सोय नव्हती. कळ दाबण्यापूर्वी हाताने कडे फिरवून ते बारीक करावे लागे. पण झेनिटाचे स्वतःचे भिंगही तशाच जुन्या चालीचे असल्यामुळे माझे काही बिघडले नाही. गरीब घरच्या सोयरिकीत मानपानाचे तंटे कमी असतात.

या ठिकाणी थोडे थांबून एक हिशेब सांगितला पाहिजे, कारण तो कळल्याशिवाय पुढची सारी भांडणे पोरकट वाटतील. लांबच्या भिंगाला बैठकीतली चूक खपते, रुंद भिंगाला ती खपत नाही. समजा, भिंग जेथे असावयास हवे त्याच्या पुढे एका साध्या कागदाच्या जाडीने, म्हणजे ०.१ मिलिमीटराने, बसले आहे, आणि आपण त्याचे कडे अनंतावर लावून ठेवले आहे. २०० मिलिमीटरांचे भिंग असेल तर ते अनंताऐवजी सुमारे ४०० मीटरांवर स्थिर होईल. एवढ्याने कोणाचे काही अडत नाही. पण भिंग २८ मिलिमीटरांचे असेल तर तेवढ्याच कागदाने त्याची स्पष्ट दृष्टी पावणेआठ मीटरांवर येऊन ठेपते. छिद्र बारीक केले की हा दोष पुष्कळसा झाकला जातो, हे खरे. परंतु देवळाच्या अंधारात बारीक करावयास उजेड असतो कोठे? तिऱ्हाईत भिंगांचे कारखाने आरंभी लांबच्या भिंगांवरच का जगले आणि रुंद भिंगाला हात घालावयास का कचरले, याचे एक मोठे कारण या कागदात आहे. दुसरे असे, की ५५ मिलिमीटरांवर बैठक म्हटल्यावर रुंद भिंगाची उलटी दुर्बीण आणखीच अवजड करावी लागे.

तरीही ती मंडळी तेथे पोहोचली. १९६१ मध्ये मिचिहिरो यामाकी यांनी सिग्मा कंपनी काढली. तिची पहिली वस्तू म्हणजे भिंगाच्या पाठीमागे लावावयाचा परिवर्धक. अमेरिकेत जर्मनीहून आलेल्या पाँडर आणि बेस्ट या दोघांची पेढी होती. तिने स्वतःचा कारखाना न काढताच जपानी कारागिरांकडून माल करवून घेऊन व्हिव्हिटार या नावाने तो विकला. कोणत्या कारखान्याचे भिंग हे त्याच्या अनुक्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांवरून ओळखावयाचे: २२ म्हणजे किरॉन, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना. जुन्या बाजारात आजही जाणते लोक भिंग हातात घेताच पुढची काच न पाहता प्रथम हा आकडा वाचतात, जसे आमचे वडील सातबारा हातात आला की पिकाआधी भोगवटादाराचे नाव वाचीत.

या साऱ्या खटपटीचा कळस टॅमरॉनने १९७९ च्या सुमारास गाठला. अॅडॅप्टॉल-२ या त्यांच्या पद्धतीत नुसते कडेच बदलत नसे. प्रत्येक कॅमेऱ्याचा छिद्राविषयीचा जो संकेत असे, कोणाची खुंटी, कोणाची तरफ, कोणाचे दात, तो सारा त्या जोडकड्यात भरलेला असे. भिंग एकच, आज ते निकॉनवर, उद्या पेंटॅक्सवर, परवा ऑलिंपसवर. त्या पद्धतीत १७ मिलिमीटरांचे एक भिंग होते, १०४ अंशांचे, ज्याच्या पुढच्या काचेचा फुगवटा पाहून माणूस पाऊल मागे घेई. एका परक्या कारखान्याने सर्व दरबारांच्या बोलीभाषा शिकून घेऊन प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलावे, आणि तेही पितळ व पोलाद यांच्या जोरावर, हे मला यंत्रकलेचे फार मोठे यश वाटते. त्याचा गौरव व्हावा तसा झाला नाही.

कारण लवकरच बोली बदलली. १९५९ चे आपले कडे निकॉनने सोडले नाही, १९७७ मध्ये त्यात सुधारणा केली तरी घराणे राखले. कॅननने मात्र १९८७ मध्ये आपले जुने एफडी वतन एका रात्रीत खालसा केले आणि ईएफ नावाचे नवे कडे आणले, ज्यात तरफ नाही, खुंटी नाही, केवळ विजेचे स्पर्शबिंदू. ज्यांच्या घरी एफडी भिंगे होती त्यांची गत पाहावी: जुन्या भिंगास ४२ मिलिमीटर हवे, नव्या कॅमेऱ्यात ४४. दोनच मिलिमीटर, पण वरच्या हिशेबाने २०० चे भिंग वीस मीटरांपर्यंत तरी पाहू शके, आणि २८ चे बेचाळीस सेंटीमीटरांपलीकडे आंधळे. कुटुंबाचा फोटो बेचाळीस सेंटीमीटरांवरून काढता येत नाही.

तिऱ्हाईतांना तर आता पितळ तासून भागेना. कॅमेरा आणि भिंग यांच्यात जे विजेचे संभाषण चाले त्याचा करारनामा त्यांना कोणी देत नसे. ते कान लावून ऐकावयाचे आणि तर्काने उत्तरे द्यावयाची. तर्क चुकला नाही तोवर ठीक. परंतु नवे कॅमेरे आले आणि त्यांनी जुन्याच प्रश्नांबरोबर एखादा नवा प्रश्न विचारला की ती जुनी भिंगे गोंधळत. सिग्माची फिल्मच्या काळातली कित्येक भिंगे कॅननच्या नव्या डिजिटल ईओएस कॅमेऱ्यांवर छिद्र पुरते उघडे असेल तरच चालत, बारीक करू जाताच कॅमेरा चूक दाखवून थांबे. निकॉनच्या बाजूस निराळेच घडले. २००६ मध्ये डी४० या लहान कॅमेऱ्यातून त्यांनी नाभी साधणारी मोटार काढून टाकली, आणि ती भिंगात असेल असे गृहीत धरले. २००८ मध्ये टोकिनाचे ११ ते १६ मिलिमीटरांचे सुप्रसिद्ध वाइड भिंग आले ते नेमके मोटारीवाचून. म्हणून ते डी४० वर बसे, छिद्रही ऐके, पण नाभी माणसाने हाताने साधावी लागे. चार वर्षांनी टोकिनाने मोटारीसह दुसरी आवृत्ती काढली. दरम्यान कित्येकांनी ते भिंग बिघडलेले समजून परत केले असेल; त्यात भिंगाचा दोष नव्हता, पंगतीत बसवून पानच वाढले नव्हते एवढेच.

आरसा गेला, आणि सारा डाव पुन्हा उलटला. २०१० मध्ये सोनीने जे बिनआरशाचे कॅमेरे काढले त्यांची बैठक अवघी १८ मिलिमीटरांवर. आता जगातले बहुतेक प्रत्येक जुने भिंग मध्ये पुरेशा लांबीची पोकळ नळी घालून त्यावर बसते. यात एक गमतीचा न्याय झाला. जी सडपातळ, समतोल रचनेची रुंद भिंगे आरशाच्या आधीच्या काळात खानदानी म्हणून मिरवीत, त्यांची किरणे कडांना फार तिरपी येत असल्यामुळे इलेक्ट्रॉनिक पटलावर त्यांच्या कडा पुसट आणि जांभळट होऊ लागल्या. आणि आरशाच्या भीतीने ज्यांना पोट वाढवावे लागले त्या अवजड उलट्या दुर्बिणींचे किरण त्या मानाने सरळ येत असल्यामुळे त्या मात्र उत्तम चालू लागल्या. दरबारांचे म्हणाल तर सोनीने २०११ मध्ये आपल्या कड्याचा मसुदा कारखान्यांना विनामूल्य खुला केला. २०१८ मध्ये लाइका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी एकाच कड्यावर तह केला. कॅननने २०२२ मध्ये पेटंटांचे कारण देऊन चीनच्या व्हिल्ट्रॉक्सला आपल्या नव्या आरएफ कड्याची आपोआप नाभी साधणारी भिंगे विकण्यास मनाई केली, आणि दोन वर्षांनी सिग्मा व टॅमरॉन यांना, लहान पटलाच्या कॅमेऱ्यांपुरता, रीतसर परवाना दिला. या शेवटच्या प्रकरणात माझे मन व्हिल्ट्रॉक्सच्या बाजूस झुकते. परवाना मागावयास दार असावे लागते, आणि ते दार त्या वेळी कोणासच उघडे नव्हते.

गेल्या माघात केळझरला पुन्हा जाण्याचा योग आला. कॅमेरा पुतणीचा, बिनआरशाचा; त्यावर तिने माझेच ते सीताबर्डीचे ३५ चे भिंग चढविले होते. भिंगामागे बोरा बाजारातले साडेनऊ मिलिमीटरांचे काळे कडे, त्यामागे साडेसत्तावीस मिलिमीटरांची नवी नळी, आणि मागे कॅमेऱ्याचे १८. बेरीज केली तर पंचावन्न मिलिमीटर, म्हणजे १९५७ मध्ये जपानात ठरलेला तोच आकडा. तिने पडद्यावर पाहत पाहत नाभी साधली; आणि मी, त्या चतुर्थीला माझी पाठ जेथे टेकली होती साधारण तेथेच, पण या वेळी ओळीत उभा राहिलो. सारे मावले. काका तेवढे आता नाहीत.

वाचकांपैकी कोणाच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या कॅमेऱ्याबरोबर असे एखादे सुटे भिंग पडले असेल तर ते मोडीत घालण्यापूर्वी त्याची पाठ एकदा उजेडात धरावी आणि शाळेची मिलिमीटरची पट्टी आट्यांना लावावी. तीन मिलिमीटरांत तीन आटे मावले तर ते ड्रेस्डेनच्या कड्याचे. चार मावले तर टी चे, आणि त्याला आधी काळे कडे मिळवावे लागेल. दुकानदार ‘बसते बरोब्बर’ म्हणाला तरी दुसरा वेढा जड लागताच थांबावे.